एकशे दहा पावलं

३ जानेवारी, शुक्रवार

नवी वही. पहिल्याच पानावर लिहून ठेवते, म्हणजे पुढे माघार घ्यायला तोंड उरणार नाही: या वर्षी मनोऱ्यावरचं घड्याळ चालू करून दाखवीन.

सहा वर्षं झाली, सव्वाचारवर अडून बसलंय. त्याआधी तीस वर्षं दर सोमवारी आमचे हे छप्पन्न पायऱ्या चढून त्याला किल्ली द्यायचे. मग आतलं एक चाक झिजलं, नगर परिषद "बघू" म्हणाली, आणि बघता बघता सहा वर्षं गेली. दोन वर्षांपूर्वी यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकानही बंद केलं. तेव्हापासून माणूस उसवल्यासारखा झालाय. माझा हिशोब सरळ आहे: घड्याळ चालू झालं की हे चालू होतील. बाहेर कुणाला हे सांगत नाही. समितीत मी शहराच्या वारशाबद्दल बोलते.

आमच्या वारसा समितीत या वर्षी नवे सभासद आहेत, त्यांना समजावायचंय, म्हणून पद्धत इथेच मांडून बघते. सल्लागार समित्या सहा. प्रत्येकीने वर्षासाठी एकच उद्दिष्ट द्यायचं, एका वाक्यात, आणि मोजता येईल असं. नगरसेवक सात, प्रत्येकाच्या हातात तीन लाल टिकल्या. भिंतीवर सहा कागद लागतात, ज्याला जे पटेल त्यावर त्याने टिकली चिकटवायची. आधी कच्ची फेरी, मग पक्की. चार उद्दिष्टं पास, दोन घरी. दोन फेऱ्यांच्या मध्ये पायी पाहणी, म्हणजे प्रत्येक समितीने दुसऱ्या समितीचं उद्दिष्ट जागेवर चालत जाऊन बघायचं आणि अहवाल द्यायचा. ही कल्पना नगराध्यक्षेची. ती माझी विद्यार्थिनी. गणिताच्या तासाला मी मुलींना शेजारणीची वही तपासायला द्यायचे, तिथूनच उचललेली दिसते.

६ जानेवारी, सोमवार

आमचं वाक्य तयार झालं: "या वर्षअखेरीपर्यंत मनोऱ्यावरचं घड्याळ दिवसाला एका मिनिटापेक्षा जास्त न चुकता चालेल." यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "किल्ली कोण देणार?" म्हटलं, "तुमच्याशिवाय आहे कोण?" त्यावर उठून कपाटात काहीतरी शोधायला लागले. आनंद लपवायची जुनीच खोड.

यांचं दूध आणणं हा मात्र स्वतंत्र विषय झालाय. चौकाशेजारच्या आमच्या घरापासून डेअरी अर्ध्या किलोमीटरवर, दवाखान्याच्या रस्त्यावर. पूर्वी किटली घेऊन गेले की पंचवीस मिनिटांत परत. आज एक तास पाच मिनिटं. वेळ लिहून ठेवायची माझी सवय. विचारलं तर म्हणे खांबांवरच्या जाहिराती वाचत होतो. आणि खरंच, कुणाची मांजर हरवली, कुठे घर भाड्याने आहे, सगळं तोंडपाठ! नाहीतर शिंपीदादांकडे गप्पा. एकच विजार महिन्यात तीनदा उंची कमी-जास्त करायला टाकली. विजार आहे की भरती-ओहोटी? वर झोपायलाही येत नाहीत हल्ली, खाली पुढच्या खोलीत उजेड चांगला म्हणे. झोपायला उजेड कशाला लागतो हे मला कळलेलं नाही.

शेवटी मीच डेअरीत जाऊन दूध घरपोच मिळण्यासाठी नाव नोंदवून आले. आमच्या गल्लीत अजून पोचवत नाहीत, सुरू झालं की कळवतील. यांना सांगितलं तर चेहरा एवढासा झाला. दुधावरून इतकं मनाला लावून घ्यायचं?

दिवाणखान्यातली निळी उशी सापडत नाही. तिच्यावरची पाखरं मी स्वतः भरली होती. धोब्याकडे गेली असणार.

९ जानेवारी, गुरुवार

कच्ची फेरी. रस्ते समितीचे अध्यक्ष टपालभाऊ. निवृत्त पोस्टमन, भला माणूस, पण बोलायला उभे राहिले की पत्राचा पत्ता वाचावा तसे बोलतात. त्यांचं उद्दिष्ट: चौकापासून दवाखान्यापर्यंतच्या दोन किलोमीटरवर दर दोनशे मीटरला एक, अशी दहा बाकं. गावाचं घड्याळ बंद आणि यांना बूड टेकायची घाई!

विचारलं, दोनशे मीटर हा आकडा आला कुठून? म्हणाले, "स्वतः चालून बघितलं, बाई. तेवढ्यात माणसाला जरा टेकावंसं वाटतं."

मग त्यांनी एक यादी वाचली. चालताना मध्येच कुठे कुठे टेकणारी नऊ माणसं, नाव न लिहायच्या अटीवर. "सकाळी सात ते आठ, किटलीवाले एक गृहस्थ, जाता-येता चार दुकानांत बसतात." मी तिथेच पकडलं. माईक घेऊन म्हटलं, "एका रिकामटेकड्या माणसाला चार दुकानांत गप्पा मारायच्या आहेत, म्हणून नगर परिषदेने बाकं टाकायची का?" सभागृह हसलं. टपालभाऊंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि कागदाची घडी घातली. उत्तरच नव्हतं त्यांच्याकडे.

घड्याळाला तीन टिकल्या, चौथा नंबर. बाकांना दोन, पाचवा. म्हणजे सगळा एका टिकलीचा खेळ. पाहणीसाठी चिठ्ठ्या टाकल्या. आमचं घड्याळ पाणी समितीकडे गेलं आणि मला कोण आलं? बाकं. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. असा अहवाल देईन की एक खिळासुद्धा शाबूत राहणार नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

चहा घेताना यांना किटलीवाल्याचा किस्सा सांगितला. मला वाटलं हसतील. बशीत चहा ओतत म्हणाले, "असेल कुणी बिचारा."

"बिचारा कसला? अर्ध्या गावाच्या हातात किटली असते, बाकीचे बसतात का असे?"

"नसतील बसत," म्हणाले आणि बशी तशीच ठेवून उठले. यांचा स्वभावच तसा, कुणाला नावं ठेवलेली खपत नाहीत.

१५ जानेवारी, बुधवार

पाणी समितीचे अध्यक्ष मनोऱ्यावर जाऊन आले आणि खाली येऊन आधी पाणी मागितलं. आमच्याच घरी बसले होते. म्हणाले, कबुतरं हटवली आणि चाक बदललं तर घड्याळ चालेलसं दिसतं. मग यांच्याकडे वळून, "काका, परवा वर येता का? आतलं यंत्र तुमच्याशिवाय कुणाला कळणार?"

हे म्हणाले, चष्मा हरवलाय.

चष्मा यांच्या कपाळावर होता! पाहुण्यांनीही तो पाहिला आणि नजर दुसरीकडे वळवली. ते गेल्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. मी जिवाचं रान करतेय कुणासाठी? आणि हा माणूस दारात आलेल्या कामाला पाठ दाखवतो. पण मीही चिवट आहे. घड्याळ चालू झाल्यावर बघू कसे वर जात नाहीत ते.

१८ जानेवारी, शनिवार

पायी पाहणी केली. मी आणि आमच्या समितीतला फोटोग्राफर. टेप, वही, पेन. दहा वाजता निघालो.

औषधांच्या दुकानाची पायरी पाहिली. दुकानदार म्हणाला, "इथे बसतात की माणसं. काका तर रोजच." कोणते काका विचारायचं मला सुचलं नाही. पुस्तकवाल्याने दारात एक खोका उलटा घालून ठेवलाय, "काकांसाठी" म्हणाला, आणि माझ्याकडे पाहून एकदम गप्प झाला. मी वहीत लिहिलं: खोका, उंची दीड फूट.

शिंपीदादांच्या दुकानात मशीनशेजारी एक स्टूल. स्टुलावर निळी उशी. उशीवर पाखरं.

मी टेप धरून तशीच उभी राहिले. शिंपीदादा म्हणाले, "घड्याळकाकांनी आणली, बाई. म्हणाले, तुमच्या गिऱ्हाइकाची जागा मी रोज अडवतो, निदान उशी तरी माझी असू द्या."

"आणि विजार?"

"विजारीचं काय, मी एकदा उसवतो, एकदा शिवतो. त्यांना नुसतं बसायला संकोच वाटतो हो."

फोटोग्राफरने कॅमेरा बॅगेत ठेवून दिला. पोरगा चांगला आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चाळीस वर्षं मुलींना गणित शिकवलं म्हणे मी! एक तास पाच मिनिटं, खांबांवरच्या जाहिराती, खालची खोली, कपाळावरचा चष्मा. सगळे आकडे माझ्याच वहीत माझ्याच हाताने मांडलेले, आणि बाईंना बेरीज आली नाही.

रिकामटेकडा म्हणाले मी त्यांना. माईकवर.

२० जानेवारी, सोमवार

काल काही लिहवलं नाही. आज सकाळी चपला घातल्या आणि म्हटलं, मीही येते दुधाला.

"तू कशाला? थंडी आहे."

"तुम्हाला नाही का थंडी?"

निघालो. मी मनात पावलं मोजत होते. एकशे दहाव्या पावलाला हे विजेच्या खांबापाशी थांबले, हात मागे बांधून जाहिरात वाचायला लागले. जाहिरात फाटून गेलेली होती, नुसता डिंकाचा डाग. श्वास मात्र ऐकू येत होता. मीही डाग वाचला. मग पुढे. एकशे अठरा. एकशे चौदा. शिंपीदादांच्या दारात आल्यावर म्हटलं, "बसा. उशी आपलीच आहे."

किटली खाली ठेवून बसले. मग म्हणाले, "सहा महिने झाले. डॉक्टर म्हणाले, चालणं सोडू नका, पण छाती आवळली की थांबा. थांबायला काही नाही गं रस्त्यात."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू आधी दूध घरपोच लावलं असतंस. मग भाजी. मग औषधं. सगळं मायेनेच केलं असतंस, मला माहितीये. पण मग मीही त्या खोलीत सव्वाचारवर बसलो असतो."

"आणि घड्याळ?"

"तू घड्याळ म्हणायचीस आणि मला पायऱ्या दिसायच्या."

मला राग आला. यांचा, डॉक्टरांचा, सगळ्यात जास्त माझा. मग रडू आलं, भर दुकानात. शिंपीदादांनी मशीन जोरात चालवलं, सुईखाली कापड नसताना.

डेअरीपर्यंत मोजत गेले, परत येताना मोजत आले. सगळ्यात लांब टप्पा एकशे एकवीस पावलांचा, सगळ्यात छोटा एकशे दहा. अशा वेळी सरासरी काढायची नसते, सगळ्यात छोटा आकडा धरायचा. घरी किटली ठेवून एकटी परत गेले आणि खांबापर्यंत टेप लावली. पंचावन्न मीटर. आणि टपालभाऊ म्हणतात दोनशे! पस्तीस वर्षं पिशवी खांद्याला लावून गाव पालथा घातलेल्या माणसाने स्वतःच्या पायांनी अंतर ठरवलंय. त्यांच्या बाकांपर्यंत आमचे हे पोचणारच नाहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

फोटोग्राफरशी आणि बाकीच्या सभासदांशी बोलले. म्हणाले, घड्याळ तुम्हीच आणलंत, थांबवायचं तर तुम्हीच थांबवा. उद्या थांबवते, म्हणजे चौथी जागा बाकांना मोकळी. पण नुसतं थांबवून भागणार नाही. दोनशेचे पंचावन्न झाले नाहीत तर बाकं येतील आणि यांना घरीच बसावं लागेल.

यांना विचारलं, तुमच्याबद्दल सभेत सांगू का? म्हणाले, "सांग. नाहीतरी तुझ्या पोटात काही राहत नाही." मग थोड्या वेळाने, "फार बिचारा करू नकोस मला."

२२ जानेवारी, बुधवार

सविस्तर लिहिते.

आधी माझी पाळी. तीन मिनिटांचं घड्याळावरचं भाषण घरी ठेवून गेले होते. म्हटलं, वारसा समिती या वर्षी उद्दिष्ट मागे घेतेय. सभागृहात कुजबुज. नगराध्यक्षा म्हणाली, "बाई, नक्की ना?" म्हटलं, "उत्तर खोडून नवं लिहिलं तर तुला मी कधी मार्क कापले होते का?"

मग पाहणीचा अहवाल. पहिलं वाक्य घरून पाठ करून गेले होते. "यादीतले किटलीवाले गृहस्थ माझे यजमान आहेत. नऊ तारखेला मी त्यांना रिकामटेकडे म्हणाले. ते इतिवृत्तातून काढू नका. त्याच्याखाली माझी चूक झाली असं लिहा."

टपालभाऊ चष्मा पुसत होते. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी भर सभेत टर उडवली तेव्हा एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं, पण त्यांनी दिलेला शब्द पाळला. इतकी वर्षं लोकांची पत्रं न उघडता पोचवलेला माणूस.

पुढे मी म्हटलं की बाकं हवीत, पण दोनशे मीटरवर नाही, पंचावन्नवर. नगर परिषदेचे अभियंते उठले. "बाई, दोनशे हे ठरलेलं माप आहे. सगळ्यांनी मान्य केलेलं."

"हे माप कुणाच्या पायांनी घेतलंय?"

टपालभाऊंनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "माझ्या."

हशा झाला, आणि त्याने जरा वाट मोकळी झाली. मी सांगितलं की ज्याला बाकाची गरज नाही त्याने मोजलेलं अंतर हे. ज्याला गरज आहे त्याचं अंतर एकशे दहा पावलं, आणि मी ते टेप लावून मोजलंय. दहा बाकं दोन किलोमीटरवर उधळली तर दोन बाकांच्या मध्ये माणूस उभाच राहणार. त्यापेक्षा तीच दहा अर्ध्या किलोमीटरवर लावा, उरलेला रस्ता पुढच्या वर्षी.

एक नगरसेवक पाय हलवत बसले होते. म्हणाले, "कुठला अर्धा किलोमीटर? तुमच्या घरापासून डेअरीपर्यंतचाच ना?"

खरं सांगते, ऐकून तोंडात मारल्यासारखं झालं. कारण मला तोच हवा होता. सगळा जीव त्यातच अडकला होता. पण म्हटलं, "कुठला ते मी सांगणार नाही. दवाखान्याच्या टोकापासून लावलीत तरी माझी हरकत नाही. अंतर मात्र बदलू नका. अंतर बदललंत तर मी पुढच्या वर्षी याच जागी उभी राहीन, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. माझं नाणं खणखणीत आहे, आणि तुमच्यातल्या चौघींना मी सातवीला शिकवलंय."

खाली बसले. दवाखान्याचं टोक म्हणजे यांच्यासाठी चंद्रच की.

टपालभाऊ उठले. यादी उघडली, पत्ता वाचावा तशी वाचली. "नऊपैकी सात माणसं चौक ते डेअरी या टप्प्यात थांबतात. दोन दवाखान्याकडे. रस्ते समिती बाईंचं माप स्वीकारते आणि सुरुवात सात माणसांपासून करावी असं सुचवते." एवढंच बोलून बसले. याहून चांगलं भाषण मी त्या सभागृहात ऐकलेलं नाही.

बाकांना सहा टिकल्या. पाय हलवणाऱ्या नगरसेवकानेसुद्धा एक लावली, जरा वाकडी.

सभा संपल्यावर घड्याळाचा कागद भिंतीवरून मीच काढला. फेकला नाही. फोटोग्राफर किल्ली द्यायला शिकायला तयार आहे. हे खाली बाकावर बसून त्याला शिकवतील आणि तो वर जाईल. पुढच्या जानेवारीत हाच कागद पुन्हा लावणार, हे आताच लिहून ठेवते.

५ मे, सोमवार

दहापैकी सात बाकं बसली. पहिलं खांबापाशी, डिंकाच्या डागासमोर. बसवताना मी टेप घेऊन उभी होते. अभियंत्यांनी एक बाक चार मीटर पुढे ढकललं होतं, म्हणे गटार आड येतं. म्हटलं, मागे ढकला, मागे गटार नाही. ढकललं.

निळी उशी शिंपीदादांनी धुऊन परत पाठवली. विजारही आली, आता तिची उंची कायमची ठरली आहे.

मी दुधाला बरोबर जात नाही. पहिले काही दिवस गेले, मग यांनीच बंद केलं. "तू मोजतेस. मला ऐकू येतं," म्हणाले. बरेच दिवस छातीबद्दल मी रोज विचारायचे, आता सोमवारीच विचारते. ते खरं सांगतात. काही सोमवारी ते ऐकवत नाही, तरी ऐकते.

आज सातला गेले. पावणेआठला दार वाजलं. मला वाटलं आले. पण डेअरीचा माणूस होता, हातात वही. "बाई, जानेवारीत तुम्ही नाव नोंदवलं होतं. आता तुमच्या गल्लीत सुरू करतोय. उद्यापासून घरी टाकू का?"

दारातून खांबापर्यंत दिसत होतं. हे बाकावर बसले होते, किटली शेजारी, आणि टपालभाऊंना हातवारे करून काहीतरी सांगत होते. चहाचं आधण गॅसवर केव्हाचं उकळत होतं.

म्हटलं, "नको हो. आमच्या घरात दूध आणणारं माणूस आहे."